लग्नाला निघालेल्या बायका

औलाद साद या गावात कुणालाही विचारा, विदाद कशी आहे, तर पहिला शब्द येईल: तापट. तिची आई सांगायची, ही जन्मली तेव्हा वाळवंटाकडून आठवडाभर गरम वारा सुटला होता, तोच हिच्या डोक्यात शिरलाय. वडील, म्हणजे म्नव्वर, कॅफेत पत्ते पिसता पिसता म्हणायचे, "मुलगी नाही, घरात काडेपेटी ठेवलीय." लोक हसायचे. काडी कुणीतरी ओढावी लागते, हे मात्र त्या टेबलावर कुणाच्या लक्षात येत नसे.

विदादला गावात एकाच माणसाचं ऐकायची सवय होती, ती म्हणजे हद्दामावशी. आईची थोरली बहीण. लग्न झालेलं नाही, स्वतःचं घर नाही, बहिणीच्या अंगणातल्या एका खोलीत राहायची आणि तेराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या शेतात राबायची. थंडीत ऑलिव्ह, मग प्लॅस्टिकच्या मांडवाखालची मिरची, उन्हाळ्यात टोमॅटो आणि बदाम. विदादची नववी झाल्यावर म्नव्वर म्हणाले, आता पुरे. तेव्हा हद्दा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही तुमचे पत्ते खेळा दाजी, हिच्या शाळेचं मी बघते." आणि तिनं बघितलं. वह्या, बूट, तालुक्याच्या गावची बस, सगळं तिच्या दोन हातांवर चाललं.

सोळाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुटीत, विदाद पहिल्यांदा मावशीबरोबर कामाला गेली. पहाटे रस्त्याच्या कडेला बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. लझरची गाडी आली. लझर आईचा चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं मामाच. मागं उघडी असलेली ती मालाची गाडी होती, कडेला कंबरभर उंचीची लोखंडी जाळी. लझर उतरला, त्यानं पाण्याच्या दोन बादल्या घेतल्या आणि मागच्या पत्र्यावर ओतल्या.

विदादला वाटलं, मामा गाडी धुतोय. तिला बरंही वाटलं.

बायका चढल्या आणि जाळीला, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. विदादनं विचारलं, "पाणी सुकेपर्यंत थांबायचं ना?"

सालिहा नावाची एक जाड बाई हसली. "सुकलं तर मग ओतलं कशाला?"

"म्हणजे?"

"बसलेली बाई दोघींची जागा खाते," हद्दा म्हणाली. "ओल्यात कुणी बसत नाही. बसून बारा जणी मावतात, उभ्यानं बावीस."

विदादच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं काहीएक विचार न करता फतकल मारली, त्या पाण्यात. स्कर्ट भिजला, पाय भिजले. तिनं वर मान करून बघितलं, आता बाकीच्या बसतील म्हणून. कुणी बसलं नाही. लझरनं पुढून आरशात पाहिलं आणि ओरडला, "राणीसरकार बसल्या बघा! पाय देऊ नका गं त्यांच्यावर." बायका हसल्या. हद्दासुद्धा तोंड फिरवून हसली.

दिवसभर ओला कपडा मांड्यांना घासत राहिला. संध्याकाळी चालताना तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

"एकटीनं बसलं की नुसतं भिजायला होतं, पोरी," हद्दा म्हणाली.

"तू का नाही बसलीस?"

"उद्या मला गाडीत घेतलं नसतं. मग तुझी शाळा कुणी केली असती, त्या लझरनं?"

विदादला राग आला तो लझरचा नाही, मावशीचा. आठ दिवस ती तिच्याशी बोलली नाही. आपल्यासाठी कुणीतरी मान खाली घालतंय, हे कळल्यावर येतो तो राग फार वाईट. तो कुणावर काढायचा तेच समजत नाही.

हमरस्त्यावर गार्डांची, म्हणजे पोलिसांची, चौकी होती. मालाच्या गाडीत माणसं भरायची नाहीत, असा कायदा. त्यामुळं चौकी जवळ आली की लझर काचेवर दोनदा ठोकायचा, आणि बायका लग्नात ओठांवर हात धरून, जीभ हलवून काढतात तशी लांबलचक ललकारी काढायच्या. सगळं वऱ्हाड, सगळे नातेवाईक. नातेवाइकांना गाडीतून न्यायला कोण अडवणार? गार्डांना सगळं माहीत होतं. त्यांच्या बहिणी दुसऱ्या गावांत अशाच गाड्यांत चढत होत्या.

"आज कुणाचं लग्न?" एखादा गार्ड विचारायचा.

"माझं," हद्दा म्हणायची.

"आणि नवरा?"

"शोधायलाच निघालेय. तू मोकळा आहेस का?"

गार्ड हसून आडवा बांबू वर करायचा. विदादलाही हसू यायचं. दिवसभरात तेवढीच एक मजा होती.

पुढं विदाद शिकली. गफ्सा शहरात राहून रसायनशास्त्र घेतलं, बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन परत आली. हद्दानं ते कागद प्लॅस्टिकमध्ये घालून आपल्या खोलीत भिंतीवर लावले, विदादच्या नाही. शिक्षकभरतीची परीक्षा विदादनं दोनदा दिली. दुसऱ्यांदा लेखी परीक्षेत नाव आलं तेव्हा कचेरीतल्या माणसानं तिला चहा देऊन प्रेमानं विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" ती म्हणाली, "आत म्हणजे कुठं?" त्यानं कपाळाला हात लावला. तिची निवड झाली नाही. तिच्या खालच्या क्रमांकाच्या एका मुलाची झाली. घरी येऊन तिनं कपाटाच्या दाराला लाथ मारली. ते दार अजून नीट लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा त्याच गाडीत चढली, त्याच ओल्या पत्र्यावर, पदवीधर म्हणून.

दोन वर्षं गेली. मार्चमधला मंगळवार होता. वेदच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या, पुलाजवळच्या वळणावर मागचं टायर फुटलं. त्या टायरवर नक्षी म्हणून उरली नव्हती, सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. गाडी कडेला कलंडली, आणि उभ्या असलेल्या बावीस बायका हातातून दाणे सांडावेत तशा खालच्या कोरड्या पात्रात फेकल्या गेल्या.

विदादचा डावा हात मोडला होता. तिला ते नंतर कळलं. ती दगडांमधून हद्दाला शोधत होती. हद्दा पालथी पडलेली होती, डोक्यावरचा रुमाल जागच्या जागी, गाठसुद्धा सुटली नव्हती. विदादनं एका हातानं तिला उलथवायचा प्रयत्न केला. मग तिनं बघितलं आणि पुन्हा तसंच राहू दिलं.

वर रस्त्याच्या कडेला लझर बसला होता. कपाळातून रक्त येत होतं. आजूबाजूला बायका किंचाळत होत्या. त्यानं विदादकडे पाहिलं आणि तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "गार्डांना सांगा, लग्नाला चाललो होतो."

हद्दासकट तीन जणी गेल्या. सालिहाचं कमरेचं हाड मोडलं. बाकीच्यांचं कुणाचं काय, कुणाचं काय.

मग माणसं आली. मोठ्या गाडीतून मोठे साहेब आले, त्यांनी प्रत्येक घरासमोर मान खाली घातली, फोटो काढून होईपर्यंत. मळ्याच्या मालकानं तिन्ही घरी रव्याचं एकेक पोतं पाठवलं आणि निरोप पाठवला, की या बाया आपल्या आपण येतात, गाडीशी आपला संबंध नाही. राजधानीतून एका संस्थेच्या बाई आल्या. गोड होत्या बिचाऱ्या. त्यांच्याकडे छापील कागद होता, तरुणींसाठी. त्यात एक प्रश्न होता: पंचविशीच्या आत आयुष्यानं तुम्हाला शिकवलेल्या तीन गोष्टी.

विदादचा हात गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "तीनच का?"

"कागदावर जागा तेवढीच आहे," बाई म्हणाल्या.

"मग लिहा. माझी मावशी मेली. दुसरी ओळ, माझी मावशी मेली. तिसरी तुम्हीच भरा काहीतरी, संयम, धीर, जे तुमच्या साहेबांना आवडेल ते."

आईनं तिला आत ओढून नेलं. बाई रडल्या. विदादला त्याचाही राग आला, की आता हिला पाणी द्यायलाही आपल्यालाच उठावं लागणार.

चौथ्या दिवशी गार्डांचा अधिकारी जबाब घ्यायला आला. ओम्दा, म्हणजे गावचा सरकारी मुखिया, त्याच्या शेजारी बसलेला. जबाब आधीच लिहून आणलेले होते. सह्या आणि अंगठे तेवढे हवे होते: आम्ही नातेवाईक लझरच्या गाडीतून लग्नाला चाललो होतो. अठरा जणींनी करून दिलं होतं. विदाद एकोणिसावी आणि शेवटची.

तिनं कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. "हे खोटं आहे."

"पोरी," ओम्दा म्हणाला, "लझर तुझ्या आईचा भाऊ. त्याची फासळी मोडलीय. त्याला जेलात घालून हद्दा परत येणार आहे का?"

"नाही. मग खरं लिहिल्यानं तुमचं काय जातंय?"

अधिकारी कंटाळून म्हणाला, "अठरा जणी लग्नाला चाललेल्या. तू एकटी कामावर चाललेलीस?"

"हो. मी कामावर. त्या माझ्या लग्नाला आल्या असतील."

म्नव्वर कोपऱ्यात बसले होते. ते उठले. त्यांनी मुलीवर कधी हात उचलला नव्हता, त्या दिवशी उचलला, पण हवेतच थांबवला, कारण तिनं मान मागं घेतली नाही. "सही कर," ते म्हणाले. "आपल्याला याच गावात राहायचंय."

"तुम्हाला कॅफेत बसायचंय बाबा. तिथं तुम्हाला कोण काय म्हणेल, याची काळजी आहे तुम्हाला. मावशी गेल्यावर या घरात पीठ कुठून येणार, याची काळजी लागलीय का अजून?"

तिनं सही केली नाही. अधिकाऱ्यानं तिचा वेगळा जबाब दोन ओळींत उरकला आणि तो निघून गेला.

गाव फिरलं. लझरची बायको विहिरीवर दिसली की बादली आपटायची. पण विदादला खरी जखम झाली ती बायकांची, ज्या तिच्यासारख्याच त्या दगडांत पडल्या होत्या. ती सालिहाकडे गेली. सालिहा खाटेवर पडून होती.

"खरं सांगितलंस तर कामावरचा अपघात ठरेल," विदाद म्हणाली. "मी वकिलाला विचारून आले. कामाला जाताना झालेलं कामातच धरतात. तुझं औषधपाणी, मावशीसारख्या गेल्या त्यांच्या घरच्यांचं, सगळं मालकावर येईल. लग्नाला चाललेल्या बाईला कोण काय देतं?"

"आणि उद्या माझ्या सुनेला गाडीत कोण घेईल?" सालिहा म्हणाली. "तू शिकलीस, तुला राग परवडतो. आम्हाला नाही."

विदाद उठली. वाटेत तिनं एका निवडुंगाला दगड मारला, मग दुसरा, मग तिसरा. तिला काय परवडत होतं? मोडका हात, दोनदा नाकारलेली पदवी आणि भिंतीवरच्या प्लॅस्टिकमधला कागद. पण घरी पोचेपर्यंत तिला एक कळलं, की सालिहा खोटं बोलली नाही. विदादला शाळा मिळाली होती, म्हणून तो कागद तिनं दोनदा वाचला. बाकीच्यांनी अंगठे लावले. आणि ती शाळा हद्दानं उभ्यानं प्रवास करून दिलेली होती.

तेव्हापासून तिचा राग थंड झाला. म्हणजे कमी झाला नाही. पूर्वी तो भसकन वर यायचा आणि कपाटाच्या दारावर संपायचा. आता तो तिच्याजवळ बसून राहायला लागला आणि ती त्याच्याशी विचार करून वागायला लागली.

जूनमध्ये जिल्ह्याच्या कोर्टात चौकशी न्यायाधीशापुढं तिला बोलावलं. त्यांना सर्दी झाली होती, रुमाल नाकाला लावूनच ते बोलत होते. "तुम्ही एकट्याच वेगळं सांगता," ते म्हणाले. "पुरावा काही?"

"नाही साहेब. पण तुम्ही त्यांना एक विचारा. मार्चमध्ये, मंगळवारी पहाटे कुणाचं लग्न होतं? नवरीचं नाव काय? एकेकीला आत बोलावून, दार लावून विचारा."

न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला. मग कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं.

दोन आठवड्यांनी अठराही जणींना एकाच दिवशी आणलं. गार्डांनी, ओम्दानं, लझरच्या वकिलानं, सगळ्यांनी मिळून लग्न रचलं होतं, गाडी रचली होती, पाहुणे रचले होते. नवरी रचायचं राहून गेलं होतं. नवरीचं नाव कुणाला सुचलंच नव्हतं. एक म्हणाली, लझरच्या मेहुणीची मुलगी. दुसरी म्हणाली, मला माहीत नाही, मला जेवायला बोलावलेलं. तिसरीनं आपल्याच सुनेचं नाव सांगितलं, जिला दोन मुलं होती. दुपारपर्यंत अकरा नवऱ्या झाल्या होत्या. कारकून मान खाली घालून लिहीत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

सालिहाला कुबड्यांवर आत नेलं. दार बंद झालं. बाहेर, दाराला लागूनच, बाकावर विदाद बसली होती.

"नवरीचं नाव?" आतून आवाज आला.

कुबडी सरकल्याचा आवाज झाला. मग सालिहाचा आवाज आला, बारीक, तिचा वाटत नव्हता तो. "हद्दा."

"कोण हद्दा?"

"ती रोज सांगायची चौकीवर. माझं लग्न आहे म्हणून. साहेब, ती मेली. आम्ही मिरची तोडायला चाललो होतो. गाडीत पाणी ओतलं होतं, म्हणून उभ्या होतो."

विदाद बाकावरून उठली नाही. तिला आनंद झाला नाही. तिला वाटलं, आत जावं आणि सालिहाला विचारावं, हे चार महिने कुठं होतं तुझं तोंड? पण सालिहा कुबड्या टेकत बाहेर आली, तेव्हा तिनं फक्त तिची पिशवी हातात घेतली. त्या दिवशी आणखी सहा जणींनी जबाब बदलले.

लझरला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपघात कामावरचा ठरला. मालकानं वरच्या कोर्टात अपील केलं, ते अजून चालू आहे, आणि तो अजून आपल्या मोठ्या गाडीतून फिरतो. चौकीवरच्या गार्डांची बदली झाली, म्हणजे ते दुसऱ्या चौकीवर गेले. विदादचं या सगळ्याबद्दल कुणी अभिनंदन केलं की ती त्याला तिथंच अडवते. ती म्हणते, "ज्यानं टायर बदललं नाही तो आत गेला. ज्याच्या मिरचीसाठी आम्ही चाललो होतो तो बाहेर आहे. हे अर्धं झालं. अर्ध्याला मी जिंकणं म्हणत नाही."

नवी गाडी आली, शेजारच्या गावच्या एका माणसाची. त्यालाही बावीस हव्या होत्या. विदाद आणि आणखी नऊ जणींनी सांगितलं, बारा, आणि बसून. तो शिव्या देत रिकामाच गेला. सात दिवस त्या दहा जणी रस्त्यावर आल्या आणि परत गेल्या. काही घरांत त्या आठवड्यात रोज फक्त भाकरी आणि हरिसा होता, तिखट आणि तेल. चौघी फुटल्या आणि दुसऱ्या गाडीत उभ्यानं गेल्या. विदाद त्यांच्याशी भांडली आणि मग दुसऱ्या दिवशी गप्प बसली. आठव्या दिवशी मळ्याच्या मुकादमाचा फोन आला. मांडवाखालची मिरची झाडावरच लाल पडून मऊ व्हायला लागली होती. बाकडी असलेली बंद गाडी आली. जुनी, दार दोरीनं बांधलेली, पण बाकडी होती.

औलाद सादमध्ये आता दोन गाड्या थांबतात, एक बसायची, एक उभ्यानं जायची. दुसरीच अजून जास्त भरते. विदाद रोज ते बघते.

गेल्या महिन्यात एके पहाटे रस्त्यावर एक नवी मुलगी उभी होती. सतरा वर्षांची असेल. फडक्यात भाकरी, पायात शाळेचे बूट. बायकांनी तिला ओळखलं आणि एकेक करून पाठी फिरवल्या. लझरची मुलगी होती ती, मबरूका. बाप जेलात, घरात कमावणारं कुणी नाही. बसायची गाडी आली. सगळ्या चढल्या, ती खालीच उभी राहिली.

विदादनं दारातून तिच्याकडे बघितलं. तोच रुंद जबडा, त्याच भुवया.

"चढायचंय की नाही?" ती म्हणाली.

"तुझ्यामुळं माझी शाळा सुटली," मबरूका म्हणाली. नजर तिनं खाली घेतली नाही.

"माझ्यामुळं नाही. तुझ्या बापामुळं, आणि त्याच्या वरच्यामुळं. पण माझ्यावर राग काढायला सोपं जातं, ते मला कळतं. चढ."

"मी तुझ्याशेजारी बसणार नाही."

"नको बसूस. मागं जागा आहे."

मबरूका चढली आणि अगदी शेवटच्या बाकड्यावर, खिडकीकडे तोंड करून बसली. सालिहाची सून तिथंच होती, ती सरकली नाही. विदाद मागं वळली.

"सरक," ती सुनेला म्हणाली. "पाय पसरून बसायला ही तुझ्या सासूची खाट नाही."

सून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत सरकली. ड्रायव्हरनं दोरी ओढून दार बांधलं आणि गाडी निघाली.